शेवंतीची चूल आणि पंतनगरच्या बाई

शेवंतीच्या पोटात दुखायला मोठं कारण लागत नसे. भटवाडीच्या टेकडीवर शेजारच्या नळाला तिच्या नळाआधी पाणी आलं, की त्या दिवशी तिची भांडी जरा जास्तच वाजत. समोरच्या घरात मिक्सर आला, तेव्हा आठवडाभर तिनं त्या घराकडे पाठ करून कपडे वाळत घातले. यात लपवाछपवी नव्हती. "माका नाय बघवत," असं ती तोंडावर सांगायची, आणि त्याच शेजारणीचं पोर आजारी पडलं की पेज घेऊन सगळ्यांच्या आधी हीच दारात उभी. लोक तिचं बोलणं मनावर घेत नसत.

त्या टेकडीवरच्या एका खोलीत ती खाणावळ चालवायची. देवगड-कणकवलीकडचे पाच गडी विक्रोळी-भांडुपच्या कारखान्यांत कामाला होते, ते दोन वेळ तिच्याकडे जेवत. खोलीचा मागचा कोपरा म्हणजे तिचं राज्य. दोन स्टोव्ह, पाटा-वरवंटा, खोबरं खवायची विळी आणि मसाल्याच्या बरण्या. या कोपऱ्यात दुसऱ्या कुणी पाऊल टाकलेलं तिला खपत नसे. एकदा सासू गावाहून आली होती, तिनंही दोन दिवसांत ओळखलं आणि मुकाट्यानं दाराशी बसून तांदूळ निवडले.

तिचा नवरा गुणाजी परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, होता. अबोल नव्हता तो. लग्नानंतरची पहिली वर्षं पाळीवरून आला की जेवताजेवता गिरणीतलं सगळं सांगायचा. कुणी कुणाला काय म्हटलं, मुकादम जॉबर कसा चिडला, साचा कसा अडला. मग संप झाला. संपाचं पहिलं वर्ष आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत गेलं. नंतर गिरणीनं काही लोकांना परत बोलावलं, त्यांत गुणाजी नव्हता. तो थोडे महिने गावी राहून आला आणि आल्यावर खाटेवर बसला. हळूहळू त्याचं बोलणंच आटलं. जेव म्हटलं की जेवायचा, ऊठ म्हटलं की उठायचा. कधी दिवसभर भिंतीकडे बघत राहायचा आणि संध्याकाळी डोळे पुसायचा. त्यांची मुलगी मीरा शाळेच्या वयाची, तिला शेवंतीनं गावी आजीकडे ठेवलं. बापाला काम लागलं की तिला आणायचं, असं ठरलं होतं. कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

शेवंतीनं गावात देवाला कौल लावून पाहिला, अंगारे आणले. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं गोळ्या सुरू केल्या आणि पंतनगरातल्या एका केंद्रात जायला सांगितलं. मनाच्या आजारातून उठू लागलेल्या माणसांशी तिथे कुणीतरी बसून बोलत असे, आणि बोलताबोलता त्यांना पुन्हा कामाधंद्याला लावायची खटपटही करत असे. ते कुणीतरी म्हणजे अनुपमा दामले. मुलुंडहून यायच्या. तिशीच्या आतल्या, सुती साडी, केसांची एक साधी वेणी. शेवंतीनं पहिल्या दिवशी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि भिण्यासारखं काही नाही असं मनाशी ठरवलं.

बाईंनी सांगितलं की आम्ही नोकरी देत नाही. ज्याला हवी त्याच्याबरोबर बसून ती शोधतो. आधी कसली हवी ते शोधतो, मग कुठे आहे ते. मग गुणाजीकडे वळून त्यांनी विचारलं, कुठलं काम करताना वेळ कसा गेला ते तुम्हाला कळायचं नाही?

"साच्यावर, दुसरां काय?" शेवंती म्हणाली.

बाई हसल्या आणि फार गोड आवाजात म्हणाल्या, "शेवंतीताई, तुम्ही जरा बाहेर बसाल?"

ती बाहेर बसली, पण ते शब्द तिला लागले. चौदा वर्षांचा संसार. या माणसाला काय आवडतं ते तिला विचारायचं नाही, तर कुणाला विचारायचं? परत येताना वाटेभर ती बोलत राहिली आणि गुणाजी नेहमीसारखा गप्प राहिला.

नंतर तो एकटाच जायला लागला. आठवड्यातून दोनदा. शेवंतीच्या लक्षात आलं की त्या दोन दिवशी तो स्वतःहून दाढी करतो. न सांगता धुतलेला सदरा काढतो. तिला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी खदखदायला लागलं. माझ्यासाठी याला कधी सदरा बदलावासा वाटला नाही, असं तिच्या मनात येई, आणि मग स्वतःचाच राग येऊन ती वरवंटा जोरात ओढी. घरी आल्यावर ती विचारायची, काय केलंत? तो म्हणायचा, काय नाय. बोललो.

बोललो. हा एक शब्द तिला दिवसभर पुरायचा.

तिच्या गड्यांपैकी दशरथ विक्रोळीच्या एका छापखान्यात होता. जिभेला हाड नसलेला माणूस. एके दुपारी जेवताना तो सांगू लागला, की पंतनगरच्या बाई सात-आठ माणसं घेऊन छापखाना बघायला आल्या होत्या. त्या असंच करतात म्हणे, आज बेकरी, उद्या सुतारखाना. माणसांना कामं दाखवतात, हात लावू देतात, मालकाला विचारायला लावतात. त्यात गुणाजीभाऊ होते.

"कडेक उभे असतले," शेवंती म्हणाली.

"कडेक? मालकाचां डोक्यां खाल्लां. ही शाई कशी, हो माणूस किती वर्सां असा, दुपारी जेवतास खंय. आणि वहिनी, हसत होते."

शेवंतीच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. दशरथनं दोनदा ताट पुढे केलं तेव्हा तिला भान आलं. हसत होते. या घरात शेवटचं कधी हसले होते ते तिनं आठवून पाहिलं, आणि आठवेना तेव्हा तिनं दशरथला उगाचच दोन शब्द सुनावले.

पुढच्या वेळी ती मागोमाग गेली. पाठलाग म्हणून नाही, बाजारात जायचंच होतं, असं तिनं स्वतःला सांगितलं. केंद्राची खोली तळमजल्यावर होती आणि खिडकी गल्लीत उघडत होती. आत टेबलाच्या पलीकडे बाई बसल्या होत्या आणि अलीकडे गुणाजी, ताठ, हात मांडीवर. बाई मालक झाल्या होत्या. नोकरी मागायला गेल्यावर काय विचारतील आणि काय सांगायचं, त्याची ती तालीम होती. बाईंनी आवाज जाड करून विचारलं, दोन वर्षं काय करत होतात?

शेवंतीनं सगळ्या टेकडीला एकच सांगितलं होतं, की ह्यांची पाठ धरली हा, म्हणान घराक असत. दवाखान्याचं नाव तिनं कुणापुढे काढलं नव्हतं.

"दोन वर्षं मी आजारी होतो," गुणाजी म्हणाला. शांतपणे, एकेक शब्द. "मनाचा आजार. औषध घेतलं. आता काम करू शकतो."

"छान," बाई म्हणाल्या. "आता माझ्याकडे बघून सांगा. टेबलाकडे नाही."

त्यानं मान वर केली, बाईंच्या डोळ्यांत बघितलं आणि तेच पुन्हा सांगितलं. शेवंती खिडकीपासून दूर झाली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. ती बाई तरुण होती म्हणून नव्हे. तसली शंका शेवंतीला एकदाही आली नाही, आली असती तर सोपं गेलं असतं, केसांना धरून प्रकरण मिटवता आलं असतं. जे ती दोन वर्षं पदराखाली झाकून हिंडत होती, ते त्यानं तिथे त्या बाईपुढे उघडं करून ठेवलं होतं, आणि ती बाई त्याला छान म्हणत होती.

मग बाईंचा निरोप आला. कामाचं बहुतेक जमतंय, एकदा दोघं मिळून या.

दोघं गेले. बाईंनी चहा मागवला. मग म्हणाल्या, गुणाजींनी बरीच कामं पाहिली, बराच विचार केला, आणि त्यांना काय करायचंय ते आता त्यांचं त्यांना कळलंय. सांगता का तुम्हीच?

गुणाजीनं एकदा बायकोकडे बघितलं आणि खाली मान घालून म्हणाला, "जेवान करूक व्हया."

शेवंतीला आधी नीट कळलंच नाही. बाईंनी उलगडून सांगितलं. लग्नाआधी लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत बारा-पंधरा जण राहायचे. स्वयंपाक पाळीपाळीनं व्हायचा. गुणाजीची पाळी असली की बाकीचे लवकर घरी यायचे. वेळ कसा गेला ते त्यांना कळायचं नाही ते तिथे, साच्यावर नाही. भांडुपला एका रंगाच्या कारखान्यात कँटीन आहे, कंत्राटदार भाऊराव म्हणून आहेत, त्यांना स्वयंपाकी हवाय. मी त्यांना आजाराचं सांगितलंय. त्यांचं म्हणणं, माणूस पाठवा, बघतो.

शेवंती ऐकत होती आणि तिच्या आत काय काय चाललं होतं ते तिलाही एका दमात सांगता आलं नसतं. लालबागच्या खोलीचं तिनं ऐकलं होतं, पण इतकंच की तिथे ढेकूण फार. पाळीचं, लवकर घरी येण्याचं यातलं काही त्यानं तिला सांगितलं नव्हतं. चौदा वर्षं तो तिच्या हातचं खात होता आणि कधी बरं म्हणाला नव्हता, कधी वाईट म्हणाला नव्हता. आणि आता हे. सगळ्या मुंबईत कामं पडली होती. याला नेमकं तिचंच काम हवं होतं, आणि ते मागायला तो या बाईकडे आला होता. जे एक तिचं होतं, ज्याच्यावर घर उभं होतं, तेही आता तिचं एकटीचं राहणार नव्हतं.

"फक्त एक विचारायचंय," बाई म्हणाल्या. "घरी विस्तवाजवळ ते ठीक असतात ना? मोठ्या शेगड्या असतात तिथे. भाऊरावांना मला शब्द द्यायचाय."

"नाय ओ बाई," शेवंती म्हणाली. तोंडातून गेलं आणि मग थांबवता आलं नाही. "मागल्या महिन्यात स्टोव्ह भडकला. हे नुसते बघत उभे. ज्वाळा वर गेल्या तरी हलले नाहीत. मी होती म्हणून विझवला. मी तर ह्यांना विस्तवाजवळ सोडत नाय."

स्टोव्ह भडकला होता हे खरं होतं. पण तेव्हा जागच्या जागी गोठली होती ती शेवंती. खाटेवरून उडी मारून, गोणपाट भिजवून स्टोव्हवर टाकलं होतं गुणाजीनं. त्यात त्याच्या मनगटावरचे केस जळाले होते, आणि दोन दिवस तिनंच त्यावर खोबरेल लावलं होतं.

बाईंचा चेहरा गंभीर झाला. त्यांनी गुणाजीला विचारलं, असं झालं होतं का?

गुणाजीनं शेवंतीकडे पाहिलं. रागानं नाही. नुसतं पाहिलं, आणि ती चहाच्या कपाकडे बघू लागली.

"होय," तो बाईंना म्हणाला. "खरां असा."

कँटीनचं तिथेच राहिलं. बाईंनी पुन्हा खटपट करून मुलुंडला एका सोसायटीत दिवसपाळीचा वॉचमन म्हणून त्याला लावलं. फाटकाशी खुर्ची, गाडी आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. कामाला लागल्यावर केंद्रात यायला जमणार नाही, असं गुणाजीनं कळवलं, आणि तो गेला नाही. शेवंतीला हवं होतं ते सगळं असं आपोआप झालं. दाढी नाही, धुतलेला सदरा नाही, पंतनगर नाही. कुणाशीच बोलत नव्हता आता तो. पहिले दोन-तीन दिवस ती कामं करताना गुणगुणली देखील.

मग डबा परत यायला लागला. सकाळी ती भरून द्यायची, संध्याकाळी झाकण उघडलं की सगळं जिथल्या तिथे. पाच गडी तिच्या हातच्या जेवणासाठी टेकडी चढून येत, आणि घरच्या माणसाचा डबा तसाच परत. एका दुपारी ती स्वतः मुलुंडला गेली. सोसायटीच्या समोरच्या फुटपाथवर उभी राहून तिनं बघितलं. गाडीचा हॉर्न वाजला, गुणाजी उठला, फाटक उघडलं, गाडी गेली, लावलं, बसला. एक म्हातारे गृहस्थ त्याला काहीतरी विचारत होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला आणि शेवटी तेच कंटाळून निघून गेले. डबा खुर्चीखाली होता. शेवंती रस्ता ओलांडून गेली नाही. पुढच्या आठवड्यात सोसायटीनं त्याला नको म्हणून सांगितलं, की माणूस सज्जन आहे, पण उत्तरच देत नाही.

तो पुन्हा खाटेवर आला.

बाईंवरचा तिचा राग अजून तसाच होता, आणि आता त्या रागाला धरायला जागा उरली नव्हती. बाई तर कुठेच नव्हत्या. खोलीत दोघंच होते, आणि तरी तो बोलत नव्हता. तिसऱ्या दिवशी सकाळी गडी कामावर गेल्यावर ती नारळ घेऊन विळीवर बसली, अर्ध्या नारळाचं एक भकल खवून झालं, दुसरं हातात घेतलं आणि ठेवून दिलं.

"स्टोव्हचां मी उलटां सांगितलंय," ती म्हणाली. "बाईंपुढे."

"माका ठाऊक नाय काय? मीच होतंय थंय."

"मग होय कित्याक म्हटलास?"

"तुका खोटी पाडू? त्या बाईंपुढे?"

तिला हुंदका आला आणि हुंदक्याबरोबर इतक्या दिवसांचं साठलेलंही आलं. तिच्यापुढे तुमचं तोंड उघडतं, माझ्यापुढे नाही. तिथे हसता, इथे भिंत बघता. दोन वर्षं मी तुमच्या एका शब्दाची वाट बघतेय आणि तुम्ही सगळे शब्द नेऊन तिला देता. तिच्यात असं काय आहे, हे मला सांगा. मला ते सहन होत नाही, म्हणून मी खोटं बोलले, आणि परत बोलेन, असंही ती रडताना म्हणाली.

तिचं रडणं संपेपर्यंत तो थांबला.

"ती बाई माका पोसत नाय, शेवंती," तो म्हणाला. "तू पोसतंस. सकाळी उठून माझ्यासाठी तू राबतंस, आणि मी खाटेर बसान तुझां खातंय. तुझ्यापुढे तोंड उघडूक गेलंय तर आधी लाज येता. मग शब्द खंयसून येतले?"

एवढी वाक्यं तो या घरात दोन वर्षांत सलग बोलला नव्हता. त्याला खाऊ घालते, सांभाळते, याचाच तर शेवंतीला अभिमान होता. बाईंकडे आपल्यापेक्षा जास्त काहीतरी आहे असं तिला वाटत आलं होतं, आणि आडवं येत होतं ते तिच्याच हातातलं ताट. हे कळलं म्हणून हेवा गेला असं नाही. उलट आणखी कडू झाला, कारण त्या बाईला त्याच्यासाठी काही करावं लागलं नव्हतं, आणि हिनं सगळं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पंतनगरला गेली. दारातूनच म्हणाली, "बाई, मी खोटं बोलली. स्टोव्ह ह्यांनी विझवला. मी घाबरून उभी होती."

बाईंनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं शेवंतीला वाटलं होतं, पण त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या की चूक माझीच. असलं काही तुम्हाला त्यांच्यासमोर विचारायला नको होतं, एकेकट्याला विचारायचं असतं, घाई केली मी. बाई चुकल्या हे ऐकून, इतक्या वाईट वेळीसुद्धा, शेवंतीला जरा बरं वाटलं.

निघताना तिनं न राहवून विचारलंच. "इथं तुमच्याकडे काय बोलायचे ते?"

"ते मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आज तुम्ही काय बोललात ते त्यांनाही सांगणार नाही. त्यांना सांगायचं असेल तर तुम्ही सांगा."

भाऊरावांच्या कँटीनला अजून धड माणूस मिळाला नव्हता. आलेला एक स्वयंपाकी गावी पळाला होता. बाईंनी त्यांना स्टोव्हचं आधीचं आणि नंतरचं, दोन्ही सरळ सांगितलं. भाऊराव म्हणाले, एक दिवस करून दाखवू दे. पण त्या दिवशी घरचं माणूस बरोबर असलं पाहिजे. घरचं माणूस म्हणजे शेवंती. खाणावळीला त्या दिवशी तिनं सुट्टी दिली आणि दशरथला सांगितलं, उडप्याकडे जेवा.

बेत होता काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि भात. गुणाजीनं आदल्या दिवशी येऊन वाटाणे भिजत घातले होते. शेवंती सकाळी आत शिरली आणि सवयीनं मोठ्या पातेल्याकडे वळली, पण पळी गुणाजीच्या हातात होती. तिला मिळालं खोबरं. ती विळीवर बसून खोबरं खवू लागली, कांदे चिरू लागली, कुणाच्या तरी हाताखाली काम करायची आयुष्यातली पहिली वेळ. मधूनच तिची जीभ शिवशिवायची. कांदा अजून भाजायला हवा, खोबऱ्याचा रंग अजून खाली यायला हवा. ती सांगणार तोच तो ते करायचा. शेगडीपुढे त्याचा हात भराभर चालत होता आणि तोंडही चालत होतं. भांडी घासणाऱ्या बाईला त्यानं तिचं गाव विचारलं, पाणी भरणाऱ्याला चार गोष्टी सांगितल्या. असं बोलताना शेवंतीनं त्याला किती वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि तिच्याशी मात्र एकही शब्द नाही. खोबरं दे, कांदो दे, एवढंच. सांबाऱ्याला उकळी फुटली तेव्हा तिचे डोळे चुरचुरत होते, आणि ते कांद्यानं नव्हतं.

जेवणाची घंटा व्हायच्या आधी बाई आल्या. शेगडीजवळ जाऊन म्हणाल्या, मला चव मिळेल का? गुणाजीनं वाटीत घालून दिलं. बाईंनी फुंकर घालून एक घोट घेतला, डोळे मोठे केले आणि म्हणाल्या, "फारच सुंदर झालंय हो. मला माहीतच होतं."

गुणाजी लाजला. कानापर्यंत लाल झाला, शेवंतीनं खोबऱ्याच्या पाटीवरून ते बघितलं. मग घ्या तिचीच शाबासकी, तिच्या मनात आलं. करा नोकरी, तिलाच खाऊ घाला. आपण उगाच आलो इथे. बाहेर भाऊरावांचा आवाज ऐकू आला, दरवाजे उघडत होते, बाकांवर माणसं बसायला लागली होती. तिनं विळी बाजूला केली आणि उठून पदर झटकला.

तेवढ्यात गुणाजी पळी घेऊन तिच्यासमोर आला. "हात धर," तो म्हणाला, आणि तिच्या तळहातावर सांबाऱ्याचे चार थेंब टाकले. "मीठ बघ गो."

तिनं चाटलं. वाटण उत्तम होतं, रंग तिच्याहून चांगला उतरला होता, आणि मीठ कमी होतं. थोडंथोडकं नाही, चांगलंच. बाईंना ते कळलं नसेल, की कळूनही त्यांनी माणसाचं मन राखलं होतं, कोण जाणे. त्यांचं काम मन राखायचं. पण भाऊरावांना पहिल्या घासाला कळलं असतं. बरोबर असा, एवढं म्हटलं की झालं. भाऊराव तोंड वाकडं करतील, शाबासकी देणाऱ्या बाईंचंही तोंड उतरेल, आणि नवरा आपल्या खाटेवर परत येईल. हे सगळं तिला क्षणात दिसलं आणि क्षणभर गोडही वाटलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता. बाईंनी इतकं सुंदर म्हटलं तरी त्याचं समाधान झालं नव्हतं, तो विचारायला इथे आला होता.

"कमी असा," शेवंती म्हणाली.

त्यानं मान हलवली, मिठाची बरणी उघडली आणि मूठ भरून पातेल्यावर धरली. "किती?"

"घाला तुमी. मी थांबा म्हणतंय तंवर घाला."

तो घालू लागला. भाऊराव दारात आले, मागून कुणीतरी ताटं मागितली, आणि बाई कुठे उभ्या आहेत ते बघायचं त्या वेळी तिला सुचलंच नाही. तिची नजर त्याच्या मुठीवर होती.

"आणखी," ती म्हणाली. "आणखी थोडां."